एका ठासणीसाठी अख्खी खोली? तुम्ही विचारलंत म्हणून

"देवाक येगळी खोली नाय आणि बंदुकीक खोली?" चतुर्थीला घर भरलं की हा प्रश्न येतोच. मुंबईच्या वहिनी विचारतात तेव्हा त्यांना खरं म्हणजे विचारायचं असतं, एवढं काय लपवून ठेवलंय. बागेत येणारे गडी विचारत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. मी आजवर सगळ्यांना एकच सांगत आलो, दमट हवा, गंज चढतो. ते खोटं नाही. पण गंजासाठी कुणी कौलारू घरात मधेच स्लॅब घालत नाही, हे विचारणाऱ्यालाही कळतं. म्हणून एकदा सगळं लिहितो.

आधी 'जमा करून मोकळा हो' म्हणणाऱ्यांना. बंदूक आजोबांपासूनची, ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. पीक राखायला ठासणीची बंदूक बाळगता यावी ही सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. देवगड तालुक्यात काजू-आंब्याची बाग असलेल्याला वानरांचा कळप काय करतो ते मी सांगायला नको. वानर मारायचं नसतं, वन्यजीव कायद्यानं मारता येतही नाही. बार काढायचा तो आवाजाचा, नळीत दारू आणि काथ्याचा बोळा, बस. तेवढ्यानं कळप दोन दिवस फिरकत नाही. फटाक्याला आता तो भीत नाही.

आणि 'आमचीपण तुझ्या खोलीत ठेव' म्हणणाऱ्या चुलतभावांना. नाही ठेवता येत. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच ताब्यात हवी. तुम्ही वर्षातून दोनदा गावाला येता आणि घर बंद असतं, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. माझ्यावर रागावू नका.

आता खोली. ती घरातली जुनी बाळंतिणीची खोली आहे, माजघराच्या पोटातली, बाहेरची एकही भिंत नसलेली. गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इथे लिहिल्यानं काही बिघडत नाही. गावात गुपितावर भरवसा ठेवून चालत नाही, भिंतीवरच ठेवावा लागतो. पण आपल्या घरांची भिंत छपरापर्यंत जातच नाही. माळ्याच्या उंचीला ती संपते, वर वासे, रिपा आणि कौलं. दोन कौलं सरकवली की माणूस माळ्यावरून हव्या त्या खोलीत उतरतो. खाली दाराला सात लिव्हरचं कुलूप लावून निर्धास्त झोपणारे मला माहीत आहेत. म्हणून आधी वर स्लॅब, मग दार. दाराच्या बिजागऱ्या आतल्या अंगाला घेतल्या, आणि कोयंड्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकले, कारण पेचकसानं निघणारा कोयंडा असून नसून सारखाच.

बंदूक ठेवायच्या कपाटानं जास्त छळलं. जांभ्याच्या चिऱ्यात ड्रिल लोण्यासारखं जातं, म्हणून गवंडी खूश. पण त्यात ठोकलेला फास्टनर हातानं हलवला तरी सैल होतो. शेवटी जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओतला, त्यातच बोल्ट बसवले आणि कपाट वरून उतरवून नट आतून आवळले. बंदूक कव्हरात ठेवत नाही, कव्हर ओल धरतं. नळी खाली करून उभी ठेवतो, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी. पावसात ते निळे दाणे बघता बघता गुलाबी होतात, तव्यावर भाजले की परत निळे. दारू आणि केपा, म्हणजे घोडा पडला की दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या, त्या खोलीत नाहीतच. दारू लाकडी पेटीत, वेगळ्या जागी, चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. लोखंडी पेटीत कोंडलेली दारू पेटली तर पेटीच फुटते.

इतकं सगळं चोरासाठी केलं असं तुम्हाला वाटत असेल. आमच्याकडे चोर कधी आला नाही.

बाबांची बंदूक ओटीवरच्या खुंटीला असायची. आजोबांचीही तिथेच. लहानपणी आम्ही तिच्याखाली बसून पाढे म्हटले आणि कुणी तिला हात लावला नाही, कारण बाबांचा धाक. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारक सत्तरीचा झाला की परवाना वारसाच्या नावे करता येतो अशी तरतूद आहे. मी एकदा विषय काढला. "सत्तर झाली म्हणान हात तुटले काय माजे?" एवढंच म्हणाले. हात खरंच शाबूत होते. विसरायला लागले ते नंतर. आधी नावं, मग वाटा, मग वर्षं. संध्याकाळी ते कधीकधी आजोबांची वाट बघत पायरीवर बसत.

एप्रिलातली सकाळ होती, नीट उजाडलंही नव्हतं. बागेतल्या नेपाळी राखणदाराचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा, अंगणाला लागून असलेल्या हापूसवर चढला होता. आंबे उतरवायच्या झेल्यातून निसटून फांदीत अडकलेला आंबा काढायला. मी पाणी काढत होतो. मागे वळलो तर बाबा अंगणाच्या कडेला, बंदूक खांद्याला लावून. नळीचं टोक जराही हलत नव्हतं. त्या हातांना काहीच विसरायला झालं नव्हतं. मी हाक मारणार तोच घोडा पडला.

टक् एवढाच आवाज झाला.

केप उडाली नाही. मागच्या पावसात ओल धरलेल्या केपा त्या. बाबांनी ती नखानं काढून टाकली, बंडीच्या खिशातून दुसरी काढली आणि शांतपणे बसवायला लागले. पोर वर गोठून बसलेलं. मी धावत जाऊन नळी आभाळाकडे ढकलली. बाबा रागावले नाहीत. माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "गप ऱ्हव. वांदर पळतलो."

बंदूक काढून घ्यायला झटापट करावी लागली नाही. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी मारतो. त्यांनी लगेच दिली.

नंतर तो बार रिकामा करायला जाणत्या माणसाला बोलावलं. ठासणीतला बार काडतुसासारखा काढून ठेवता येत नाही. नळीतून दारू आणि काथ्या निघाला, आणि छर्रे. डुकरासाठी भरायचे तसे मोठे. घरात छर्रे असतील हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो काळ तरुणपणातला होता, रात्रीच्या शिकारीला जायचा. राखणदारानं तक्रार केली नाही. हंगाम अर्धा टाकून कुटुंबासकट निघून गेला. मी त्याला अडवलंही नाही. काय तोंडानं अडवणार?

बंदूक त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमा केली. मग खोली बांधली. परवाना माझ्या नावे व्हायला लागणारी बाबांची सही, ते नीट भानावर असताना, काय आहे ते सांगून घेतली. त्यांनी कागद वाचला, सही केली आणि पेन खिशाला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ते आठवत नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. "माजी बंदूक खय आसा?" मी सांगायचो, इलेक्शन आहे, पोलिसांनी जमा करून घेतली. हे त्यांना पटायचं, कारण दर निवडणुकीला तसंच होतं. सुरुवातीला बंदूक खरंच ठाण्यात होती. ती परत येऊन कपाटात गेली तरी मी तेच सांगत राहिलो. "इलेक्शन कधी संपतला?" दिवसातून कितीदा तरी. आणि ज्या दिवशी इलेक्शन पटत नसे त्या दिवशी ते त्या कुलूपबंद दारासमोर पाट घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझ्या मुलानं चोरली. ते स्वतः त्याच खोलीत जन्मलेले.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा पडवीची कौलं पत्त्यासारखी गेली आणि वर स्लॅब असलेली ती एकच खोली म्हणून आम्ही सगळे तिथे बसलो, बाबाही. कपाटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हेच्यात काय? मी म्हटलं, जमिनीचे कागद. मान हलवली आणि वाऱ्याचा आवाज ऐकत राहिले. पुढच्या वर्षी ते गेले.

खोली बांधायच्या आधी मीच म्हणत असे, कडीकुलपातली बंदूक शेतकऱ्याच्या काय कामाची. ते म्हणणं मला अजूनही खोडता येत नाही. किल्ली आणा, दोन कुलपं उघडा, दुसरीकडून दारू आणा, ठासा, तोवर कळप शेजाऱ्याच्या बागेत. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चात लागली, निकाल ४ जूनला. बंदूक ठाण्यात आणि आंबा-काजूचा सगळा हंगाम वानरांचा. निवडणुकीत कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीनं प्रत्येकाचं प्रकरण वेगळं बघावं असं म्हणतात, मला त्याचा उपयोग झाला नाही. परत मिळाली तेव्हा नळीवर तांबूस पट्टा होता. त्या महिन्यांत रिकाम्या खोलीलाही मी रोज कुलूप लावत होतो.

भावाचं म्हणणं वेगळं आहे. त्याच दिवशी बंदूक कायमची सरकारजमा केली असती तर खोलीही नको होती आणि बाबांना शेवटची वर्षं दारासमोर बसावं लागलं नसतं. मी म्हणतो, ते खुंटीसमोर बसले असते. तो म्हणतो, खुंटी रिकामी दिसली असती, बंद दार दिसलं नसतं. यात बरोबर कोण ते मला सांगता येत नाही, आणि तो सांगतो तेव्हा मला राग येतो. चतुर्थीला घरात डझनभर पोरं लपाछपी खेळत माळ्यावर चढतात तेव्हा मात्र ते दार बंद आहे ना हे मी दोनदा बघून येतो, आणि तोही बघून येतो. मी पाहिलंय त्याला.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. माझी संपत आली आहे. नूतनीकरणाचा अर्ज आणून ठेवलाय, भरलेला नाही. बायको भावाच्या बाजूची. गेल्या आठवड्यात रात्री डुकरांनी सुरणाचा वाफा उकरला तेव्हा आवाजानं तीच आधी उठली आणि म्हणाली, किल्ली आणू? मी नको म्हटलं. बॅटरी घेऊन बाहेर गेलो तोवर डुकरं वहाळाच्या पलीकडे गेली होती.