ओतकाम निर्दोष होते

2008 सालच्या एका केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘सूचना दिल्या’ असे दोन शब्द लिहिलेले आहेत, आणि त्या सूचना नेमक्या कोणत्या होत्या हे मला आज काही केल्या आठवत नाही. ज्यांचा तो केसपेपर आहे त्यांना मात्र माझे एक वाक्य सतरा वर्षे पाठ होते. त्यांच्या दातांचा ब्रिज बसवून झाल्यावर ‘झालं काका, आता निवांत राहा,’ असे मी म्हणालो होतो, आणि ते खरोखरच निवांत राहिले.

काका कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे कारागीर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी लाकूड चाचपावे तशी त्यांची बोटे खुर्चीचा हात चाचपत असतात. पावसाळ्यातल्या एका सकाळी ते राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा तक्रार दुखण्याची नव्हतीच. ‘दुखत काय न्हाई डॉक्टर, पण जेवताना ब्रिज पचपचतोय. आणि नातू जवळ बसंना झालाय, वास येतोय म्हणतोय.’ त्या वासावर त्यांनी चार महिने पित्ताच्या गोळ्या आणि बडीशेप यांचा मारा केला होता. तोंडाला वास आला की पोट बिघडले, हे आपल्याकडे इतके ठाम ठरलेले आहे की दातांवर संशय घ्यायचे कोणाच्या मनातही येत नाही.

ब्रिज तीन दातांचा होता. खालची डावीकडची पहिली मोठी दाढ त्यांनी पूर्वीच काढून घेतलेली होती. तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दाढ कोरून, त्या दोघींवर टोप्या चढवून, मध्ये खोटी दाढ टांगलेली होती. आत निकेल-क्रोमचा सांगाडा आणि वर पोर्सेलिन, अशी त्या काळची नेहमीची रचना होती. आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचे क्षेत्रफळ गेलेल्या दाताच्या मुळांइतके तरी असावे, हा 1926 सालचा अँटेचा नियम आम्ही विद्यार्थिदशेत घोकलेला असतो. त्या हिशेबाने इथे आधार भरपूर होता आणि कागदावर तरी ही केस परीक्षेत लिहावी इतकी चोख होती.

ब्रिज सुटला आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे. तो पूर्ण कोरडा करायचा नाही, कडेला थोडी लाळ राहू द्यायची, आणि बोटाने दाबून सोडायचा. सिमेंट शाबूत असेल तर काहीच होत नाही. उपदाढेकडे काही झाले नाही. मागच्या दाढेच्या कडेला मात्र, जिभेच्या बाजूने, दाबल्याबरोबर बारीक बुडबुड्यांची एक ओळ उमटली आणि बोट उचलताच आत ओढली गेली. दोन्ही आधार एकदम सुटले असते तर ब्रिज जेवताना हातात आला असता, काका घाबरून त्याच दिवशी आले असते आणि बहुधा दात वाचले असते. एकच आधार सुटला की दुसरा त्याला धरून ठेवतो, आणि सुटलेल्या टोपीचा प्रत्येक घासाला पंप होतो. दाबली की लाळ बाहेर, सोडली की आत, आणि लाळेबरोबर भाकरीचे पीठही आत. दात जिवंत असता तर गार पाण्याने ठणका मारून त्याने कळवले तरी असते, पण या दाढेचे रूट कॅनाल मीच केलेले होते. एक्स-रेचाही अशा वेळी फारसा उपयोग होत नाही, कारण टोपीच्या धातूतून क्ष-किरण पार जात नाहीत आणि आतली कीड त्या पांढऱ्या ठोकळ्याआड झाकलेली राहते.

हुक अडकवून ठोके देत ब्रिज काढण्याची एक पद्धत आहे, आणि घाईत असलेले आमचे काही व्यवसायबंधू ती सर्रास वापरतात. एक आधार घट्ट असताना ते ठोके त्याच दाताला बसतात आणि चांगला दात मोडू शकतो, म्हणून मी उपदाढेवरची टोपी कापायचे ठरवले. हिरडीपासून चावण्याच्या पृष्ठभागावरून पलीकडे जाणारी एक चर पाडायची, पोर्सेलिनला हिऱ्याचा बर (ड्रिलचे कापणारे टोक) आणि धातूला कार्बाइडचा. निकेल-क्रोम बर खाते. माझे तीन बोथट झाले. धातू संपला की चरीच्या तळाशी सिमेंटची फिकट रेष दिसते, आणि तिथे हात थांबला नाही तर पुढचा घाव दातावर बसतो. पाण्याचा फवारा चालू असूनही धातूचा वास सुटला, तेव्हा काकांनी हात वर करून मला थांबवले आणि गुळणी करून विचारले, ‘निकेल-क्रोम हाय नव्हं?’

चरीत चपटे हत्यार घालून किंचित पिळल्यावर टोपी उघडली. खालची उपदाढ सतरा वर्षांपूर्वी होती तशीच होती, माझ्या बरने उठवलेल्या बारीक रेघाही तिच्यावर शाबूत होत्या. खोटे कशाला बोलू, क्षणभर मला अभिमान वाटला. मग मागची टोपी उचलली आणि माझ्या सहायक मुलीने मास्क वर ओढला. दाढेचा वरचा भाग भिजलेल्या भुशासारखा झाला होता आणि हत्याराने खरवडताच तपकिरी पापुद्रे निघत होते. त्या चिखलात रूट कॅनालमध्ये भरलेल्या गटापर्चाचे गुलाबी ठिपके उघडे पडलेले दिसले. कीड हाडाच्या पातळीखाली गेली होती. दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ती काढल्यावर मागचा आधारच नाहीसा झाल्यामुळे तिथे पुन्हा तसा ब्रिज होणे नाही. रक्तातली साखर आटोक्यात आली तर इम्प्लांट, नाहीतर काढघालीची कवळी, असे आता ठरायचे आहे.

काकांनी मात्र दाढेचे दुःख बाजूला ठेवून निघालेला तुकडा धुऊन मागितला. दोष ओतकामात असणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. पॅटर्न कशाचा करता, साचा कशाचा, धातू आकसतो त्याचे काय करता, अशी त्यांनी माझी परीक्षाच घेतली. मेणाचा पॅटर्न करून, तो जाळून त्या पोकळीत धातू ओतायची ही रीत दंतवैद्यकात अमेरिकेतल्या टॅगार्ट यांनी 1907 मध्ये रूढ केली, हे मी त्यांना सांगितले. बीडाचा पॅटर्न करताना ते आकुंचनाची वेगळी पट्टी वापरून तो मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर मोठा धरत असत. आमचे निकेल-क्रोम त्याच्या दुपटीहून अधिक आकसते आणि तो फरक साच्याच्या प्रसरणातून भरून काढावा लागतो, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. ‘मग ब्लोहोल असणार. बघतोच,’ म्हणून, ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी शोधायला त्यांनी तो तुकडा रुमालात बांधून नेला.

दात साफ करायच्या दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, सुटलेले सिमेंट जागेवर राहिले असते, असा माझा दावा नाही. पण ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे नेहमीचा फ्लॉस वरून दोन दातांमध्ये उतरतच नाही. तो खोट्या दाढेच्या खालून, बाजूने ओवावा लागतो, आणि त्यासाठी एक टोक ताठ असलेला सुपर फ्लॉस किंवा दोरा ओवायची प्लास्टिकची सुई लागते. जो माणूस रोज रात्री तो दोरा दोन्ही टोप्यांच्या कडेने फिरवतो, त्याला दोऱ्याचा वास आणि टोपीची हालचाल नातवाच्या आधी कळते. वर्षातून एकदा ते माझ्या खुर्चीत बसले असते, तर तो बुडबुडा मला दाढ शिल्लक असतानाच दिसला असता. आता मी प्रत्येकाला आरसा हातात देऊन त्यांच्याकडूनच दोरा ओवून घेतो, आणि दोरा दवाखान्यातच ठेवतो, कारण औषधांच्या दुकानात सुपर फ्लॉस मागितला तर बहुतेक वेळा टूथपिकची डबी पुढे येते. झिर्कोनियाच्या ब्रिजसोबत लॅबवाले जे चकचकीत वॉरंटी कार्ड पाठवतात, त्याचा मला खरा राग आहे. ती हमी फक्त साहित्याची असते, खालच्या दाताची नव्हे, पण पेशंट ते कार्ड कपाटात जपून ठेवतो आणि ब्रश पूर्वीसारखाच घाईत फिरवतो.

ब्रिज किती वर्षे टिकतो, या प्रश्नाला आम्ही ‘दहा-पंधरा वर्षे’ असे उत्तर देतो. संशोधनाच्या एका प्रसिद्ध आढाव्यात 10 वर्षांनंतर सुमारे 89 टक्के ब्रिज तोंडात असल्याचे दिसते, पण कोणतीही गुंतागुंत न होता राहिलेले सुमारे 71 टक्केच. मधल्या फरकात कोण असते, हे मला त्या सकाळी कळले. काकांचा ब्रिज मी हात लावेपर्यंत ‘टिकलेला’ होता.

आठ दिवसांनी टाके काढायला काका आले. खोटी दाढ त्यांनी ओळखीच्या शॉपमध्ये उभी कापून, पॉलिश करून आणली होती. दोन अर्धुके माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘ओतकामात खोट न्हाई डॉक्टर. एक ब्लोहोल न्हाई.’ मग थोडे थांबून त्यांनी विचारले, ‘त्ये खालनं दोरा घालायचं, तवा सांगितलं हुतं काय मला?’

मी काही न बोलता 2008 चा केसपेपर त्यांच्यापुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, ते दोन शब्द दोनदा वाचले आणि कागद परत दिला.

‘अक्षर तुमचंच हाय,’ ते म्हणाले.