अँजिओग्राफी नॉर्मल, मग छातीत दुखतं कशानं?

‘ब्लॉकेज नाही म्हणता, मग हृदयाच्या गोळ्या कशाला?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हे मला बरेच जण विचारतात.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत स्नायू असतो. तो एकाएकी आखडला की धमनी आवळते, रक्त अडतं आणि छातीत दुखतं. काही मिनिटांत स्नायू सैल पडतो आणि धमनी पुन्हा मोकळी होते. त्या मोकळ्या वेळी काढलेली अँजिओग्राफी स्वच्छच येणार! याला कोरोनरी स्पाझम म्हणतात. मायरॉन प्रिंझमेटल या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली अशा दुखण्याचं वर्णन केलं: श्रमानं नव्हे, तर विश्रांतीत येणारं.

माझंही तसंच होतं. जिने चढताना काही नाही, पण पहाटे छाती आवळून जाग यायची. ‘टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून मला घरी पाठवलं जायचं, याचा राग अजून जात नाही. शेवटी चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावला तेव्हा पुरावा सापडला. दुखत असताना ईसीजीच्या रेषेतला ‘एसटी’ नावाचा तुकडा वर चढलेला, दुखणं थांबल्यावर परत जागेवर. दुखत असतानाचा ईसीजी मिळाला तर निम्मं निदान तिथेच होतं. तो नाहीच मिळाला, तर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, धमनीत असेटिलकोलीन नावाचं रसायन सोडून बघतात. निरोगी धमनी त्यानं रुंदावते, बिघडलेल्या अस्तराची आवळते. ही तपासणी अनुभवी हातांनीच करावी.

कारणांमध्ये सिगारेट सगळ्यात वर. थंडी, मानसिक ताण, कोकेन, मायग्रेनवरची ट्रिप्टान औषधं यांनीही झटका येऊ शकतो.

उपचारांचा कणा म्हणजे डिल्टियाझेम, अॅम्लोडिपिनसारखी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधं. ती स्नायूला आखडू देत नाहीत. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, स्पाझम उसळून येऊ शकतो. प्रोप्रानोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरनं (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधानं) काहींचा त्रास वाढतो, म्हणून नव्या डॉक्टरांना मी निदान आधी सांगते. झटका आला की आधी बसायचं, मगच नायट्रेटची (धमन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर वाट न बघता अॅम्ब्युलन्स बोलवायची. स्पाझम लांबला तर हार्ट अटॅक येतो, ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.