एलझेड १ ची प्रतिकृती: सांगाडा पूर्ण, आता आवरणाची तयारी

काउंट झेपेलिन यांच्या पहिल्या ताठ सांगाड्याच्या हवाई जहाजाची, म्हणजे एलझेड १ ची, १:१०० प्रमाणातील प्रतिकृती आता आवरण चढवण्याच्या टप्प्यावर आली आहे. मूळ जहाज १२८ मीटर लांब आणि सुमारे ११.७ मीटर व्यासाचे असल्यामुळे प्रतिकृतीची लांबी १२८ सेंटीमीटर भरते. तिचे प्रत्येक कडे चोवीस बाजूंचे असून एकेक बाजू जेमतेम दीड सेंटीमीटरची आहे. बाल्साच्या, म्हणजे अतिशय हलक्या लाकडाच्या, पट्ट्यांचे कोन साच्यात बसवून चिकटवावे लागतात आणि आतील ताणतारांच्या जागी मी रेशमी दोरा ओवला आहे. दोरा ताणला जाताच ढिले वाटणारे कडे एकदम घट्ट होते, आणि ताणतारांचे काम वाचून कळले नव्हते इतके त्या क्षणी कळते.

मूळ जहाजात रबर लावलेल्या सुती कापडाच्या १७ वायुपिशव्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ११,३०० घनमीटर हायड्रोजन मावत असे. माझ्या प्रमाणात ही जागा अवघी ११.३ लिटर होते. तेवढा हायड्रोजन बारा-तेरा ग्रॅमच उचलेल, म्हणजे बाल्साचा हा सांगाडासुद्धा त्याला पेलणार नाही. लांबी दहापट केली की उचलण्याची ताकद हजारपट होते. झेपेलिन यांनी पहिलेच जहाज एवढे अवाढव्य का बांधले, याचे उत्तर मला या हिशेबात दिसते.

या जहाजाचे अ‍ॅल्युमिनियम कारखानदार कार्ल बर्ग यांच्याकडून आले होते. डेव्हिड श्वार्ट्झ यांच्या १८९७ मध्ये बर्लिनजवळ उडालेल्या आणि उतरताना मोडलेल्या धातूच्या जहाजालाही त्यांनीच धातू पुरवला होता. एलझेड १ ने २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर पाच माणसांसह सुमारे अठरा मिनिटे उड्डाण केले. नाक वर-खाली करण्यासाठी जहाजाखाली सरकते वजन होते. त्याची यंत्रणा उड्डाणातच अडकली. मात्र खरी चिंतेची बाब होती ती सांगाडा वाकण्याची. डेमलरच्या प्रत्येकी सुमारे १४ अश्वशक्तीच्या दोन इंजिनांचा जोर कमी पडत होता, हे खरेच. पण मोठे इंजिन म्हणजे अधिक वजन, आणि ते पेलायलाही आधी सांगाडाच भक्कम हवा.

ऑक्टोबरमधील दोन उड्डाणांनंतर पैसा संपला आणि जहाज मोडीत काढावे लागले. पुढच्या एलझेड २ मध्ये अभियंता लुडविग ड्यूर यांनी सहज न वाकणाऱ्या, त्रिकोणी छेदाच्या जाळीदार तुळया वापरल्या. जानेवारी १९०६ मध्ये इंजिने बंद पडून किसलेगजवळ उतरावे लागल्यावर वादळाने ते जहाज नष्ट केले, तरी त्रिकोणी तुळई पुढील झेपेलिनांत टिकली. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल पहिले उड्डाण नसून ही त्रिकोणी तुळईच आहे.

आवरणासाठी टिश्यू पेपर घेतला आहे. तो फक्त डाव्या अंगाला चढवणार असून उजवीकडील कडी आणि दोरे उघडेच ठेवणार आहे. त्यानंतर दोन्ही गोंडोला (जहाजाखाली टांगलेल्या, माणसे आणि इंजिने असलेल्या होड्यांसारख्या खोल्या) आणि त्यांच्यामधला सरकत्या वजनाचा दोर बसवायला घेईन.