घरचंच काम!

आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही बायकांनी स्टॉल लावला. कुणाची भाजणी, कुणाच्या कुरडया, एकीने दिवसभर मेंदी काढून दिली. सगळे पैसे सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांच्या जेवणाला. बाहेरगावची ही माणसं वडापाववर दिवस काढतात, बघवत नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनी जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवल्यात, बारीक टाका, हातावरचा. पण हजार रुपये सांगताना त्यांना संकोच. "घरचंच काम गं, त्याचे कसले एवढे पैसे?" याचाच मला राग येतो. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तेही घरचंच काम होतं!

गोधड्या सगळ्या खपल्या. आणखी ऑर्डरी आल्यात, तेव्हा जुन्या सुती साड्या असतील तर आणून द्या.