जुडग्यातली लहान किल्ली

परीकथा ऐकायला बसायचं तर परी आणि जादूची कांडी हवीच. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या निळ्या दाढीवाल्याच्या गोष्टीत दोन्ही नाहीत. सगळी जादू एका किल्लीत, आणि तीही जुडग्यातल्या सगळ्यात लहान.

१६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ज्या पुस्तकात पेरोची सिंड्रेला आहे, त्याच पुस्तकात हा महाभागही आहे. शहरात वाडा, गावाकडे वाडा, सोन्याचांदीची भांडी. फक्त दाढी निळी. आधीच्या बायकांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. शेजारणीच्या दोन्ही मुली नाकं मुरडतात. मग तो सगळ्यांना आठवडाभर गावच्या वाड्यावर नेऊन मेजवान्या घालतो आणि धाकटीला वाटू लागतं, दाढी काही तितकीशी निळी नाही. स्थळं बघणाऱ्या कुठल्याही घराला हे कळेल.

लग्नाला महिना होतो न होतो तोच तो सहा आठवड्यांच्या प्रवासाला निघतो. ही भांड्यांच्या कपाटाची, ही जवाहिराच्या पेट्यांची, असं करत लहान किल्लीवर येतो: ती खोली उघडायची नाही. अरे, मग दिलीस कशाला? स्वतःच्या खिशात ठेवायची! विसरभोळा माणूस नव्हे हा. त्याला ती खोली उघडायलाच हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

खोलीत काय होतं, ते ओळखलंच असेल. रक्ताच्या थारोळ्यात किल्ली पडते आणि इथे पेरो अगदी घरगुती होतो. ती बिचारी किल्ली पुसते, धुते, वाळूने घासते. डाग एका बाजूने निघाला की दुसऱ्या बाजूला उमटतो.

या राक्षसाचं मूळ शोधणारे जिल द रे या फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या उमरावाकडे बोट दाखवतात. त्याला १४४० साली नांत शहरात फाशी झाली, पण ती मुलांच्या खुनांसाठी. मला ब्रिटनीतलीच कोनोमोरची दंतकथा जवळची वाटते. त्यात पूर्वीच्या मेलेल्या बायकाच नव्या बायकोला, त्रेफीनला, सावध करतात. पेरोच्या गोष्टीत त्या नुसत्याच भिंतीला लागून आहेत, मुक्या.

वर पेरो तात्पर्य सांगतो: उत्सुकता फार महागात पडते. खोलीभर प्रेतं, आणि उपदेश कुणाला, तर दार उघडणारीला!

पण शेवटी, परतलेला नवरा किल्लीवरचा डाग पाहून तिला मारायला निघतो तेव्हा, तिचे दोन भाऊ ऐन वेळी घोडे दौडवत येतात, नवऱ्याला ठार करतात आणि पेरो हिशेबाला बसतो. राजाच्या बांधकाम खात्यात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस तो. नवऱ्याला वारस नाही, सगळी इस्टेट तिची. त्यातून ती भावांना सैन्यात कप्तानाची पदं विकत घेऊन देते, स्वतः एका भल्या माणसाशी लग्न करते. आणि बुरुजावर उभी राहून भावांची वाट पाहणारी बहीण, अ‍ॅन? एक तरुण कधीपासून तिच्यावर जीव लावून होता. तिचं लग्नही त्याच पैशातून.