आज फीड का बंद होतं?

"ताई, लेकराच्या पोटात सकाळपासून काहीच नाही ना?"

आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या मुलाच्या आईने विचारलं. मॉनिटरकडे नाही, ती बंद ठेवलेल्या फीडच्या, म्हणजे नळीने पोटात दूध देणाऱ्या, पंपाकडे बघत होती.

सीटी स्कॅनसाठी पहाटेच फीड थांबवलं होतं. स्कॅनला नंबर लागला दुपारी. परत आणताना रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) सरकली, मग ती जागेवर आहे का हे बघायला एक्स-रे होईपर्यंत पुन्हा थांबा. संध्याकाळी सुरू झालं, तेही तासाला 5 मिलीने.

प्रत्येक वेळी कारण खरंच असतं. कधी बीपी टिकवायची औषधं वाढलेली असतात, कधी पोट फुगलेलं, कधी व्हेंटिलेटर काढायचा बेत असतो आणि तो उद्यावर जातो. (बेत उद्यावर जातो, फीड मात्र बंदच राहतं!) पोटातलं दूध ओढून बघितलं, जरा जास्त निघालं की थांबवा, हीदेखील जुनी सवय.

गंभीर आजारी मुलांसाठीच्या 2017 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात, शक्य असेल तर आयसीयूत आल्यापासून 24 ते 48 तासांत नळीने फीड सुरू करा आणि पहिल्या आठवड्याअखेर गरजेच्या निदान दोन तृतीयांश उष्मांक पोचवा. आमच्या चार्टवर ठरलेला आकडा ठळक असतो. प्रत्यक्ष किती गेलं, त्याची बेरीज क्वचितच कुणी मांडतं.

अँटिबायोटिकचा एक डोस चुकला तर राऊंडला केवढी चौकशी होते. फीडचे सहा तास गेले तर कुणी विचारत नाही. आज आईने विचारलं.

स्कॅन लांबला तर फीड परत सुरू करायला कुणी सांगायचं, हे तुमच्या युनिटमध्ये ठरलेलं आहे का?