तुम्ही विचारलंत म्हणून: मी मवाळ झालेय का?

"पूर्वी जखमी जनावरांचे फोटो घेऊन गेटवर ओरडायचात, आता मीटिंगा घेता, मवाळ झालात का?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते. नाही झाले. राग तेवढाच आहे, फक्त त्यातून जनावराच्या पदरात काय पडतं ते आता बघते.

हेन्री स्पायरा या अमेरिकन प्राणिहक्क कार्यकर्त्याने १९८० मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन, सशांच्या डोळ्यांवर सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या करणाऱ्या रेव्हलॉन कंपनीला जाब विचारला, हे सगळे सांगतात, पण त्याआधी तो त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलत होता हे कुणी सांगत नाही. मागणी नेमकी होती, पर्यायी चाचण्या शोधायला पैसे द्या, आणि कंपनीने साडेसात लाख डॉलर दिले.

आमची मीटिंग पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी घेणं थांबवा म्हणून होती. खरेदी बघणाऱ्या साहेबांसमोर मी ए-फोर कागद ठेवला, म्हटलं कोंबडीला याहूनही कमी जागा मिळते, पंखसुद्धा पसरता येत नाहीत. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले, कडेवरून बोट फिरवलं, मग विचारलं, "मुदत किती देता?" मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने मेलेल्या कोंबड्यांचे फोटो टेबलावर टाकले आणि म्हणाली, खुनी आहात तुम्ही. त्यांनी फाइल मिटली. संपलं. जिन्यात मी तिच्यावर खूप चिडले, तर ती रडत म्हणाली, "मी तारेत नख्या अडकून मेलेल्या कोंबड्या या हातांनी सोडवल्यात, आणि तू मुदत देणार होतीस?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पिंजरा गेला म्हणून कत्तल थांबत नाही, हे मीच एके काळी इतरांना ऐकवायचे, आणि ते चुकीचं होतं असं अजूनही म्हणवत नाही. पण त्या दिवशी एक माणूस हो म्हणायच्या बेतात होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि नुसत्या होकारावर विसंबायला मी भोळी नाहीये. युरोपात साध्या पिंजऱ्यांवरची बंदी १९९९ मध्ये ठरली, २०१२ पर्यंत मुदत दिली, तरी १३ देश मागेच राहिले, त्यांना नोटिसा काढाव्या लागल्या. म्हणून ते फोटो मी जपून ठेवलेत. शब्द देऊन कुणी फिरवला तर त्याच्या गेटवर मी असणार, ओरडत.